बिंदगं जमिनीला टेकू नये

"औंदा बिंदगं अमृत घेईल," मायाप्पा म्हणाले आणि हातातली पावट्याची शेंग सोलून दाणे परातीत टाकले. इतक्या सहज, की जणू उद्या गाडीत पुढे कोण बसणार एवढंच ते सांगत होते.

परातीभोवतीचे हात थांबले. त्यांची बायको कमलम्मांचे, बहीण बसव्वाआत्यांचे, धाकटा मुलगा अमृतचे आणि थोरली सून रेश्माचे. आतल्या खोलीतलं थोरल्या मुलाचं, प्रभुलिंगचं घोरणं मात्र थांबलं नाही. दिवेलागण झाली होती. दुकानाचा थोरला मालक दुपारी जेवून 'जरा पडतो' म्हणून आडवा झाला होता, तो अजून उठला नव्हता.

"आणि अण्णा?" अमृतनं खाली बघत विचारलं.

"अण्णाला तुझ्या झोपू दे."

"बरोबर हाय की," बसव्वाआत्या म्हणाल्या. "डोक्यावर मडकं घिऊन ह्यो निम्म्या वाटंत पेंगला, तर पांडव उपाशी आणि शिवारभर आंबील!" आपल्याच बोलण्यावर त्या पदराआड हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही.

येळवस उद्यावर आली होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अक्कलकोटकडची माणसं घरांना कुलपं घालून शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना चुन्यानं पांढरं करायचं, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा आणि बाजरीच्या उंड्यांचा निवद दाखवायचा, आणि वाटेनं जो जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. रेश्माचं माहेर केम. तिकडे यातलं काहीच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला तिनं प्रभुलिंगला पाहिलं होतं ते अजून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. खांद्यांवर काळं घोंगडं, डोक्यावर ताकाच्या आंबिलानं काठोकाठ भरलेलं बिंदगं, मान ताठ, आणि दोन्ही बाजूंनी हुरड्यात आलेली ज्वारी. गाडीवाटेपासून कोपीपर्यंत ते मडकं कुठेही जमिनीला टेकू द्यायचं नाही, ही रीत. ते थोरल्या मुलानं न्यायचं, ही दुसरी.

तिसरी रीत कोणी बोलून दाखवत नसे. बिंदग्यानं एकदा डोकं बदललं की ते मागं फिरत नाही. मायाप्पांचे थोरले भाऊ एका वर्षी तापानं अंथरुणाला खिळले, म्हणून मायाप्पांनी ते उचललं. पुढच्या येळवशीला भाऊ धडधाकट होऊन आले, तर त्यांचे वडील म्हणाले, आता राहू दे त्याच्याकडंच. भाऊ मुकाट्यानं जेवले, हात धुतले आणि गेले. मैंदर्गीच्या आपल्या शेतात त्यांनी परत पाऊल ठेवलं नाही. बसव्वाआत्या अजून त्यांच्या नावानं डोळे पुसत.

म्हणून रेश्मानं परात बाजूला सारली.

"अप्पा, गणपतीत ऑपरेशन झालंय यांचं. थकवा रेंगाळेल, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"गणपती कवाच बुडवले, पोरी. दसरा झाला, दिवाळी झाली." मायाप्पांनी करंगळीचं नख पुढं केलं. "एवढी चीर. माझं अपेंडिक्स काढलं तवा टाके निघायच्या आत मी नांगरामागं हुतो. मी त्याला वाईट म्हणत न्हाई. पर मडकं माणूस बघून द्यावं लागतं."

रेश्मानं या घरात ते कितीदा समजावून सांगितलं होतं! गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, प्रत्येक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. रक्तात कॅल्शियम किती असावं हे त्या ठरवतात. प्रभुलिंगची एक ग्रंथी वाढून चिंचोक्याएवढी झाली आणि बिघडलेल्या मोटारीसारखी हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत राहिली. त्यातून मुतखडे झाले, सांधे दुखू लागले, चिडचिड वाढली आणि बसल्या जागी झोप येऊ लागली. कितीतरी वर्षं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. मुतखड्याचं औषध झालं, कंबरेचा पट्टा झाला, आणि बाकी सगळ्याला घरात एकच नाव पडलं: आळस. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या कागदावर बोट ठेवलं, ग्रंथी काढली, आणि घरानं पेढे वाटले. आता आपला पहिला प्रभू परत येणार, असं सगळ्यांनी धरलंच. गळ्यावर उरली एक बारीक रेघ. शर्टाची कॉलर वर केली की तीही दिसत नसे. दिसत नाही त्या दुखण्याला किती दिवस मान द्यायचा?

अमृत पुन्हा शेंगा सोलू लागला. त्यानं नाही म्हटलं नाही, हे रेश्माला दिसलं. राग यायच्या आधीच तिला त्याचं बरोबर वाटलं. भाऊ तक्क्याला टेकून पेंगत असताना सोलापूरच्या नवी पेठेतलं चादरी-टॉवेलचं ते दुकान यानंच रेटलं होतं. गिऱ्हाईक, माल, शेतावरची सुगी, सगळं. त्याच्या डोक्यावर कोणी काही मानाचं ठेवलं नव्हतं.

"कुणाच्या डोक्यावर काय चढवायलाय रे?"

दारात प्रभुलिंग उभा होता. खांद्यावर शांभवी, त्याची नि रेश्माची लेक, बापाच्या केसांत बोटं खुपसून बसलेली. त्यानं सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"घेऊ दे की अप्पा अमृतला," तो म्हणाला. "पोरगं उंच पण आहे माझ्यापेक्षा." शांभवीला खाली ठेवून तो भिंतीशी बसला आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर चोळू लागला.

"थंडी वाजते का?" रेश्मानं विचारलं.

"मुंग्या येतात. थंडीनं."

तेवढ्यात कमलम्मा उठल्या आणि फडताळातून कागदाची पुडी आणून त्यांनी लेकाच्या हातात दिली. दिवसभर शाळेत शिकवणं आणि संध्याकाळी शिकवण्या, म्हणून रेश्मा फक्त सकाळची औषधं देई. दुपारची आणि संध्याकाळची सासूबाईंकडे, अव्वांकडे. दुपारची पुडी डब्याबरोबर दुकानात जायची. प्रभुलिंगनं पुडी न बघता तोंडात रिकामी केली, वर पाणी प्याला. गोळ्यांकडे बघायचं त्यानं कधीच सोडलं होतं.

स्वयंपाकघरात रेश्मानं त्याला गाठलं. "असं कसं देऊन टाकलंत?"

"वाट लांब आहे, रेश्मा. मडकं घेऊन निम्म्यात बसलो तर? हिसकावून घेण्यापेक्षा आपण दिलेलं बरं." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मला वाटलं होतं, गाठ काढली की मी पुन्हा मी होईन. आता वाटतं, आजार निमित्त होतं. मी असाच आहे. आळशी. सगळे म्हणत होते तसा."

रेश्मानं हातातला झारा खाली ठेवला. बिंदगं गेलं तर तिला वाईट वाटलं असतं. पण हे वाक्य गेलं नाही तर तिचा नवराच जाणार होता.

"तुम्ही असे नाही," ती म्हणाली. "मी लग्न केलं तो माणूस मला नीट आठवतो. तुम्ही विसरला असाल तर विचारत जा मला."

तो हसला नाही, पण शांभवीला पुन्हा खांद्यावर घेताना त्यानं रेश्माच्या डोक्यावर हलकी टप्पल मारली. तेवढी तिला पुरली.

सकाळी दुकानाची व्हॅन मैंदर्गीच्या वाटेला लागली तेव्हा अमृत गाडी चालवत होता, मायाप्पा त्याच्या शेजारी, आणि मागे बाकीचे भज्जीच्या पातेल्यांत आणि उंड्यांच्या टोपल्यांत अडकून बसलेले. बिंदगं कमलम्मांच्या मांडीवर होतं. गाडीच्या पत्र्यावर ते ठेवलेलं त्यांना चालत नसे. सोलापूरपासून शेतापर्यंत, प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही हातांनी मडकं कवटाळत होत्या आणि अमृतला "सावकाश रे मुडद्या" म्हणत होत्या.

गाडीवाटेच्या कडेला उतरून त्यांनी ते सीटवर घोंगड्याच्या घडीत बसवलं, आणि सगळे हातातलं सामान घेऊन कोपीकडे निघाले. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून अमृतनं कोपी आदल्या आठवड्यातच बांधून ठेवली होती. आत पाच पांडव ओळीनं बसले होते, वर्षभराच्या उन्हापावसानं मातकट झालेले.

"चुना लाव ग रेश्मा," कमलम्मा म्हणाल्या. "डब्यात कालवून आणलाय मी."

रेश्मानं डबा उघडला, काडीला चिंधी गुंडाळली आणि धर्मराजापासून सुरुवात केली. शांभवी शेजारी उकिडवी बसून "मला, मला" करत होती. चुना नेहमीपेक्षा दाट होता, आणि खाली काहीतरी खरखरत होतं. अर्जुनापर्यंत आल्यावर चिंधीला एक खडा लागला. रेश्मानं तो चिमटीत घेऊन पदराला पुसला.

खडा नव्हता. लांबट पांढऱ्या गोळीचा तुकडा होता, मधोमध रेघ असलेला.

ती रेघ तिला पाठ होती. रोज सकाळी ती गोळी ती स्वतः नवऱ्याच्या तळहातावर ठेवत होती.

"अव्वा." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "चुन्यात काय कालवलंय?"

कमलम्मा केळीच्या पानावर उंडे मांडत होत्या. तुकडा बघितला आणि त्यांनी हातातला उंडा खाली ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"फेकल्या न्हाईत मी," त्या म्हणाल्या. "औषध हाय, फेकू कशी? खलबत्त्यात कुटल्या आणि देवाला लावल्या."

"किती दिवसांच्या?"

"दुपारच्या. आणि सांजच्या. पुडीत बाकीच्या घालत हुते, ह्या पांढऱ्या तेवढ्या काढून. गोळ्या आणल्यात तवापास्नं."

बाहेर अमृत चुलीचे दगड मांडत होता, तो आत डोकावला. प्रभुलिंग बांधावर बसला होता, तो तिथूनच बघू लागला.

"अव्वा, डॉक्टरीणबाईंनी दिवसातून तीनदा सांगितल्या होत्या!"

"मला काय माहीत, बाई? मुतखड्याच्या डॉक्टरानं काय सांगितलं हुतं, ते तू हुतीस की ऐकायला? कॅल्शियम वाढलंय, म्हनला. तवापास्नं मी माझ्या पोराच्या ताटात दुधाचा थेंब पडू दिला न्हाई. तीळ न्हाई, दही न्हाई, पानातला चुना न्हाई. येळवशीला सारं शिवार आंबील प्यायचं आणि माझं पोरगं पाणी." कमलम्मांचा आवाज चिरकू लागला. "आणि आता ह्या एवढाल्या गोळ्या. शेजारच्या सुंदरम्माच्या सुनंकडनं नाव वाचून घितलं, तर कॅल्शियम! ज्यानं पोरगं खाल्लं तेच परत घालायचं? म्हटलं डॉक्टरांची काय तरी गल्लत झाली असंल. सकाळची तू देतीस ती तुझी तू दे. माझ्या हातानं न्हाई देणार."

रेश्माच्या तोंडाशी शब्द आले होते. गेले कित्येक आठवडे याच घरात तिनं ऐकलेलं 'ऑपरेशन करून काय उपयोग झाला', कॉलरीआड लपवलेली ती रेघ, काल रात्रीचं 'मी असाच आहे'. सगळं एका दमात बाहेर आलं असतं. पण समोर कमलम्मांचे हात होते, चुन्यानं बोटांच्या पेरांत भेगाळलेले. मुलाच्या वाटीतलं दही वर्षानुवर्षं बाजूला काढणारे तेच हात. तिनं शब्द गिळले आणि पर्समधून फोन काढला.

बांधावरून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

प्रभुलिंग हसत होता. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऑपरेशनआधीही कितीतरी दिवस तो असा हसला नव्हता. "म्हणजे मी इथं उपाशी," तो म्हणाला, "आणि भीम धष्टपुष्ट! अव्वा, पांडव बघ की कसले चकाकायलेत. वनवासातनं आल्यासारखे वाटतच नाहीत."

"गप रे," कमलम्मा म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. शांभवी आजीकडे बघून रडू लागली. बसव्वाआत्यांना कोणाला आधी जवळ घ्यावं कळेना, म्हणून त्यांनी दोघींनाही घेतलं.

डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. रेश्मानं सगळं सांगितलं, चुन्यासकट. पलीकडे एक उसासा ऐकू आला. हसू दाबलं जात होतं की राग, कळेना. मग प्रश्न आले. ओठांभोवती मुंग्या? पेटके? छातीत धडधड? प्रभुलिंग उत्तरं देत होता, आणि त्यानं आजवर थंडीच्या नावावर खपवलेल्या किती गोष्टी होत्या ते रेश्माला एकेक करून कळत होतं. पेटके नव्हते, धडधड नव्हती. सकाळच्या गोळीनं तेवढं राखलं होतं.

"आत्ता लगेच गोळ्या चावून घ्या," डॉक्टरीणबाईंनी किती घ्यायच्या तेही सांगितलं. "संध्याकाळी सोलापुरात शिरलात की घरी जायच्या आधी रक्त देऊन जा. हात वाकडे होऊन आखडले, तर तेवढंही थांबू नका, सरळ दवाखान्यात. आणि दूध, ताक, दही, सगळं सुरू. कोणी बंद केलं होतं?"

"आमच्या आईनं. प्रेमानं," प्रभुलिंग म्हणाला. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना तो एकदम गंभीर झाला, "म्हणजे डॉक्टर, हा थकवा या गोळ्यांमुळं होता? आता जाईल?"

"काही त्यामुळं. सगळा नाही. तुमची हाडं वर्षानुवर्षं रिकामी होत आली. आता ती भुकेली आहेत. जे येईल ते ओढून घेतायत, तुमच्यासाठी काही उरत नाही. गोळ्या नीट गेल्या तरी काही महिने लागतील. थांबत थांबत चला. पण हे दुखणंच आहे, लक्षात ठेवा. दुसरं काही नाही."

रेश्मानं फोनचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. शेवटचं वाक्य चुलीपर्यंत गेलं. मायाप्पा चुलीपाशी उभे होते.

रेश्मानं पर्समधून काढून दिलेल्या गोळ्या प्रभुलिंग चावत होता. "खडू खाल्ल्यासारखं लागतंय," तो म्हणाला. तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण खांदे काही वेगळेच दिसत होते. रात्रीचं ते वाक्य त्यानं कुठेतरी खाली ठेवून दिलं होतं.

"निवदाचा वकुत झाला," मायाप्पा म्हणाले. "अमृत, घोंगडं घे."

"अप्पा!" रेश्मा म्हणाली.

"चूक ह्याच्या आईची झाली, मान्य. आता गोळ्या घेईल, बरा होईल, मला आनंदच हाय. पर डॉक्टरीण पण तेच म्हनाली की, काही म्हयने. मडकं आज न्यायचं हाय. वाटंत टेकलं तर वर्सभराचं—"

"मायाप्पा," बसव्वाआत्या म्हणाल्या. कालचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. "थोरला दादा त्या बांधावर हात धुवून गेला, तवा मी तितंच हुते. तांब्या माझ्याच हातात हुता. 'येतो गं, बसव्वा' म्हनला आणि आला न्हाई. दादाला पण तापच हुता रे, दुसरं काय हुतं? परत तेच बघायला मी ह्या वयात येऊ हितं?"

मायाप्पांनी बहिणीकडे बघितलं आणि नजर ज्वारीकडे वळवली.

अमृत गाडीकडून आला. हातात घोंगडं होतं, पण त्यानं ते अंगावर घेतलं नव्हतं. "अप्पा, मला बिंदगं पायजे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "खोटं कशाला बोलू? काल तुम्ही म्हणालात तवा लई बरं वाटलं. मी पण राबतोय की. पण अण्णाचं काढून नको. आजारी माणसाचं काढून तर नकोच. मला द्यायचं असंल तर दुसरं काय तरी द्या, माझ्या नावाचं."

"देऊ," मायाप्पा पुटपुटले. "पर आज नेणार कोन?"

"मी," प्रभुलिंग उठला. "थांबत थांबत."

"थांबलास तर टेकवणार कुटं? जमिनीवर?"

"माझ्या मांडीवर," कमलम्मा म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्यांनी डोळे पुसले होते, पदर कंबरेला खोचला होता. "सोलापूरपासनं हितवर माझ्याच मांडीवर आलंय की. तवा कुनाची रीत मोडली न्हाई. आता काय मांडी बाटली व्हय?"

घरातल्या कर्त्यानं कोपीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन थांबायचं असतं. मायाप्पा तिथे जाऊन थांबले, पाठ ताठ करून.

गाडीपाशी अमृतनं भावाच्या खांद्यावर घोंगडं टाकलं, चुंबळ ठेवली आणि रेश्मासोबत बिंदगं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं. प्रभुलिंग चालू लागला. रेश्मा शांभवीला कडेवर घेऊन मागे. कडेच्या ज्वारीची पानं घोंगड्याला घासत होती. सुरुवातीला त्याची चाल अगदी पहिल्या येळवशीची होती, आणि रेश्माला क्षणभर वाटलं, जाईल हा, एका दमात जाईल. मग त्याची पोटरी थरथरली. श्वास ऐकू येऊ लागला.

"अव्वा," तो म्हणाला.

कमलम्मा बाजूनंच चालत होत्या. तिथल्या तिथे, सरीत, त्यांनी फतकल मारली आणि मांडी पसरली. अमृतनं आणि रेश्मानं मडकं उतरवून तिथे ठेवलं. प्रभुलिंग शेजारी मातीत बसला. आईनं एका हातानं मडकं धरलं आणि दुसरा त्याच्या पाठीवर फिरवत राहिली. शांभवीनं आजीचं बघून आपली मांडी पसरली आणि तिच्यावर एक ढेकूळ ठेवलं.

"चल," थोड्या वेळानं तो म्हणाला.

दुसऱ्यांदा त्यानं हाक मारायच्या आधीच अमृत पुढे जाऊन बांधावर बसला होता. "ये अण्णा. माझी मांडी अव्वापेक्षा टणक हाय, पण चालवून घे." मडकं मांडीवर आलं तेव्हा त्यानं ते दोन्ही हातांनी असं धरलं, की जणू त्याच्या वाट्याचं काहीतरी त्याला तिथेच मिळालं. वाटेनं जाणारे शेजारचे शेतकरी थांबून बघू लागले. "काय चाललंय हो?" एकानं विचारलं. "आमची रीत हाय," अमृतनं ठणकावून सांगितलं. "दमानं न्यायचं असतंय." आणि जेवायला या म्हणून वर आवतणही देऊन टाकलं.

कोपी दिसू लागली. पांढरेफेक पांडव आतून चमकत होते. आता एवढंसंच राहिलं होतं, आणि नेमके तिथेच प्रभुलिंगचे पाय पुढे पडेनात. तो उभा राहिला. मडक्यातलं आंबील हिंदकळून एक ओघळ त्याच्या कपाळावर आला. कमलम्मा मागे राहिल्या होत्या, त्यांना धाप लागली होती. अमृत अंगावरची माती झटकत धावत येत होता, पण अजून लांब होता. रेश्मानं शांभवीला खाली ठेवलं आणि ती पुढं झाली.

तिच्या आधी तांब्याचा आवाज आला. मायाप्पांनी तो खाली ठेवला होता. ते कोपीपासून चालत आले, धोतर वर सारलं आणि लेकाच्या पुढ्यात, ढेकळांवर, सावकाश बसले. गुडघे वाजले त्यांचे. मांडी पसरली. ती मांडी कोणासाठी पसरलेली या घरात कोणी पाहिली नव्हती.

"बा," ते म्हणाले. शेतात, बैलांशी आणि आपल्या आईशी ते ज्या भाषेत बोलत, त्या कानडीत. "इल्ली इडू." ये, इथं ठेव.

मडकं त्यांच्या मांडीवर आलं. प्रभुलिंग गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, श्वास घेत राहिला. त्याची कॉलर खाली पडली होती. गळ्यावरची रेघ मायाप्पांच्या अगदी डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती बघितली. बराच वेळ बघितली.

"सावकाश," ते म्हणाले. "पांडव कुटं जात न्हाईत."

मग प्रभुलिंग सरळ झाला, त्यानं बिंदगं डोक्यावर घेतलं आणि कोपीत गेला.

निवद झाला. अमृतनं आणि मायाप्पांनी शिवाराला आंबील शिंपडत फेरी घातली. पहिला पेला कमलम्मांनी भरला, दोन्ही हातांनी लेकापुढं धरला, आणि तो पिईपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक घोट खाली जाताना त्यांचा स्वतःचा गळा हलत होता.

"आंबट आहे," प्रभुलिंग ओठ पुसत म्हणाला. "लई छान आहे. अजून दे."

भज्जीची चार घमेली वाढून होईपर्यंत तो कोपीच्या सावलीत, घोंगड्यावर, शांभवीला पोटाशी घेऊन झोपला होता. पंगत बसली. अमृतनं आवतण दिलेला शेजारी आला, हात धुतले आणि इकडेतिकडे बघितलं.

"थोरला कुटं हाय? जेवायला उठवा की त्याला."

रेश्मानं तोंड उघडलं, पण तिला बोलायची गरज पडली नाही.

"त्याला हाक मारू नगा," मायाप्पा ताटावरची मान वर न करता म्हणाले. "हाडं जेवायल्यात त्याची."